जागेपणी छातीत दुर्बीण घालताना: दुखणं, श्वास आणि निर्णय

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलेलं चित्र असं. वडील 71 वर्षांचे आहेत, बरीच वर्षं सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार आहे, आणि उजव्या बाजूला छातीत पाणी झालंय. दोनदा सुईने काढलं, तरी पुन्हा भरलं. पाण्याच्या तपासण्यांत कारण सापडलं नाही, म्हणून छातीच्या डॉक्टरांनी जागा बधिर करून, वडील जागे असतानाच दुर्बीण आत घालून फुप्फुसाच्या आवरणाचे तुकडे तपासायला घ्यायचं सुचवलंय. भावाचा आग्रह आहे की पूर्ण भूल द्या. वडील म्हणतात, मला काही कळायलाच नको. आणि तुम्हाला शंका आहे की वय आणि सीओपीडी बघून डॉक्टर कमी दर्जाचा मार्ग सुचवतायत की काय.

मी भूलतज्ज्ञ आहे. छातीच्या शस्त्रक्रियांना भूल देणं हेच माझं मुख्य काम, आणि जागेपणी होणाऱ्या प्रक्रियांमध्ये मी रुग्णाच्या डोक्याशी बसलेली असते. वडिलांना तपासल्याशिवाय आणि सीटी स्कॅन पाहिल्याशिवाय ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं मी सांगणार नाही. पण निर्णय कसा घ्यायचा आणि डॉक्टरांना काय विचारायचं, ते नक्की सांगता येईल.

आधी एक गल्लत दूर करते. तुम्ही इंटरनेटवर वाचलंत की जाग्या रुग्णाच्या फुप्फुसाचा अख्खा भाग काढतात. ते खरं आहे, पण तुमच्या वडिलांचं काम ते नव्हे. फुप्फुसाचा भाग काढताना पाठीतून मणक्याजवळ बधिर करणारं औषध (एपिड्युरल) किंवा बरगड्यांमधल्या नसा बधिर करणारा ब्लॉक दिलेला असतो, बहुतेक वेळा शिरेतून गुंगीचं औषध चालू असतं, आणि खोकला येऊ नये म्हणून छातीच्या आत व्हेगस नावाच्या नसेजवळही बधिर करणारं औषध देतात. श्वासनलिकेत नळी नसते एवढंच. रुग्ण गप्पा मारत असतो असं नाही. असं काम मोजक्याच, सरावलेल्या टीम करतात. तुमच्या वडिलांना सुचवलेली आहे साधी थोरॅकोस्कोपी: साधारण एक सेंटिमीटरचा छेद, त्यातून दुर्बीण, पाणी काढून घेणं, आवरण आतून डोळ्यांनी पाहणं, संशयास्पद जागांचे तुकडे घेणं आणि शेवटी एक नळी ठेवणं. फारशी गुंतागुंत नसेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

हा काही नवा प्रयोग नाही. स्वीडनच्या हान्स क्रिस्तियन याकोबेउस यांनी 1910 मध्ये पोटात आणि छातीत दुर्बीण घालून पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि छातीतलं काम ते जागा बधिर करूनच करत. पुढे क्षयाच्या रुग्णांमध्ये फुप्फुस मिटवून ठेवण्याच्या उपचाराला आवरणाचे चिकटे आडवे येत, ते चिकटे ते दुर्बिणीतून पाहून तोडत. प्रत्येक फुप्फुसाला वेगळी हवा देणारी दुहेरी नळी एरिक कार्लेन्स यांनी 1949 मध्ये आणली, आणि कॅमेऱ्याच्या मदतीने मोठ्या शस्त्रक्रिया 1990 च्या दशकात रूढ झाल्या. म्हणजे छातीत दुर्बीण घालणं आधी जागेपणी सुरू झालं, त्या कामासाठी पूर्ण भूल नंतर आली. गेल्या वीसेक वर्षांत रोममधल्या पोम्पेओ आणि मिनेओ यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी मोठ्या कामांसाठीही जागेपणाचा विचार पुन्हा पुढे आणला. तेव्हा ‘पूर्ण भूल झेपत नाही म्हणून हे’ असं समजू नका. आवरणाच्या तपासणीसाठी हा मुळातच प्रस्थापित मार्ग आहे.

आणि तो सुचवण्यामागे कारणही आहे. पाणी कर्करोगामुळे झालेलं असलं तरी पाण्याच्या तपासणीत पेशी सापडतात त्या ढोबळमानाने दहातल्या सहा रुग्णांत. दुर्बिणीतून पाहून घेतलेल्या तुकड्यांत हेच प्रमाण 90 टक्क्यांच्या वर जातं. क्षयाचं निदानही पाण्यापेक्षा तुकड्यावरून जास्त खात्रीने होतं. दोनदा पाणी काढून उत्तर मिळालेलं नसताना तिसऱ्यांदा नुसतं पाणी काढून पाठवण्यापेक्षा तुकडा घेणं मला जास्त पटतं.

आता दुखण्याबद्दल. फुप्फुसाला आणि त्याला चिकटलेल्या आतल्या आवरणाला आपण ज्याला दुखणं म्हणतो ती संवेदना नसते. दुखतं ते कातडीला, बरगडीवरच्या पातळ वेष्टनाला आणि छातीच्या भिंतीला आतून लागून असलेल्या बाहेरच्या आवरणाला. म्हणून बधिर करताना घाई करून चालत नाही. आधी बारीक सुईने कातडीवर छोटा फुगवटा करायचा, मग थर बदलेल तसं थांबत, औषध सोडत आत जायचं. सुई बरगडीच्या वरच्या कडेला घासून न्यायची, कारण खालच्या कडेलगत नस आणि रक्तवाहिन्या असतात. सगळ्यात जास्त औषध बाहेरच्या आवरणाशी लागतं. सुई तिथे टेकली की रुग्ण दचकतो, ‘आता लागलं’ म्हणतो. तिथेच थांबून औषध द्यायचं आणि ते लागू होईपर्यंत वाट पाहायची. या वाट पाहण्यावर पुढचा सगळा अर्धा तास अवलंबून असतो. एक-दोन मिनिटं वाचवायला गेलं की पुढे दुर्बीण आत जाताना रुग्ण आखडतो, आणि एकदा आखडला की काम संपेपर्यंत सैल होत नाही.

औषध हवं तेवढं मात्र देता येत नाही. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची सावध मर्यादा वजनाच्या दर किलोला 3 मिलिग्रॅम धरली तर 60 किलोच्या माणसाला 180 मिलिग्रॅम, म्हणजे 1 टक्क्याचं औषध 18 मिली. अॅड्रेनालिन मिसळलेलं असेल तर जास्त चालतं. पण बरगड्यांमधून औषध रक्तात लवकर शोषलं जातं, त्यामुळे आम्ही हात आखडता ठेवतो. ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूसारखी चव असं काही जाणवलं तर लगेच सांगा, असं मी रुग्णाला आधीच बजावते. जागा माणूस ही लक्षणं स्वतः सांगू शकतो. भुलेत असलेला सांगू शकत नाही.

एवढं करूनही काही गोष्टी जाणवतात. दुर्बीण आत जाताना दाब जाणवतो. तुकडा घेताना ओढल्यासारखं होतं, क्वचित एक कळ येते. श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, मधल्या भागाला स्पर्श झाला तर खांद्यात दुखतं, कारण त्या भागाच्या संवेदना मानेतून निघणाऱ्या नसेतून जातात. रुग्ण म्हणतो, ‘खांद्याला काय करताय?’ आधी सांगून ठेवलं असेल तर घाबरत नाही.

माझ्या अनुभवात या प्रक्रियेतला अवघड भाग दुखणं नसून श्वास आहे, आणि नेमकी तीच गोष्ट कुटुंबांना कमी सांगितली जाते.

फुप्फुस आणि छातीची भिंत यांमधल्या जागेत बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाब असतो. त्यामुळेच फुप्फुस फुललेलं राहतं. छिद्र केलं की हवा आत शिरते आणि त्या बाजूचं फुप्फुस आक्रसतं. दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून ते हवंच असतं. पण रुग्णाला त्या क्षणी वेगळं काहीतरी झाल्याचं कळतं. बहुतेक जण एकाच तऱ्हेचं वाक्य बोलतात: ‘श्वास येतोय, पण पुरत नाही.’ श्वासांची गती वाढते, खांदे उचलले जातात, नजर माझ्याकडे वळते. ती पहिली एक-दोन मिनिटं मी दुसरं काही करत नाही. हात खांद्यावर ठेवते आणि हळू, लांब श्वास सोडायला सांगते. ‘घ्या’ म्हटलं की घाबरलेला माणूस भराभर घेत सुटतो. ‘सोडा’ म्हटलं की गती आपोआप उतरते. बहुतेकांचा श्वास त्यानंतर स्थिरावतो.

तो का स्थिरावतो हे समजलं की भावाचा प्रश्नही बराचसा सुटतो. रुग्ण कुशीवर असतो, आजारी बाजू वर. खालचं फुप्फुस चांगलं आहे, रक्तही वजनाने तिकडेच जास्त जातं, आणि माणूस जागा असल्यामुळे श्वासपटल स्वतः हलून त्याच फुप्फुसात हवा ओढत असतं. हवा आणि रक्त एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून ऑक्सिजन टिकतो. पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल केले की श्वासपटल सैल पडतं, पोटातले अवयव त्याला वर ढकलतात, खालचं फुप्फुस दबतं आणि मग ते यंत्राच्या दाबाने फुगवावं लागतं. निरोगी फुप्फुसाला हे सहज झेपतं. सीओपीडीमध्ये मात्र आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, साठत जाते. फुप्फुसातले कमजोर झालेले हवेचे फुगे फुटू शकतात, आणि काम संपल्यावर नळी काढून रुग्णाला पुन्हा स्वतःच्या श्वासावर आणायला वेळ लागू शकतो. हे सगळं सांभाळता येतं, आम्ही रोज सांभाळतो. पण अर्ध्या-पाऊण तासाच्या तपासणीसाठी ते सगळं ओढवून घ्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आणखी एक जमेची बाजू आहे. त्यांचं उजवं फुप्फुस पाण्यामुळे आधीच दबलेलं आहे. पाण्याची जागा हवेने घेतली तर फरक कमी जाणवतो, उलट पाणी निघाल्यावर काहींना हायसं वाटतं. छातीत अजिबात पाणी नसलेल्या माणसाला हवा शिरण्याचा धक्का जास्त बसतो.

दुसरी बाजूही सांगते. जागेपणी श्वास चालू असताना वरच्या आक्रसलेल्या फुप्फुसातली थोडी शिळी हवा खालच्या फुप्फुसात ओढली जाते, दोन्हींमधला भाग श्वासागणिक हलतो, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. थोडा वाढला तर चालतो, नंतर उतरतो. पण सीओपीडीत तो आधीच जास्त असेल तर वाढायला वावच राहत नाही. म्हणून धमनीतल्या रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी, आधी झाली आहे का ते विचारा. बोटाला लावलेल्या क्लिपवर विसंबून चालत नाही. मास्कमधून भरपूर ऑक्सिजन चालू असेल तर क्लिपवर 98 दिसत राहतं आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत असतो. यासाठी नाकाजवळच्या नळीतून सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र मी लावतेच, आणि रुग्णाशी बोलत राहते. उत्तरं तुटक व्हायला लागली, शब्द जड झाले, की यंत्राआधी मला कळतं.

वडिलांच्या ‘मला काही कळायलाच नको’ या इच्छेवर मी कुटुंबांशी सर्वांत जास्त बोलते. ‘मग थोडी गुंगी तरी द्या’ असं सगळेच सुचवतात. थोडं औषध देतोही, धास्ती उतरेल इतपत. पण सीओपीडीच्या रुग्णाला अर्धवट गुंगीत ठेवणं हा माझ्या मते तिन्हींतला सगळ्यात वाईट पर्याय आहे. जीभ मागे पडते, घोरताना श्वास अडतो, अडलेला श्वास ओढायला छाती जोर लावते, आत सगळंच जास्त हलतं, आणि माणूस अर्धवट भानावर येऊन हात खाली ओढायला लागतो. समजावलं तर त्याला समजतही नाही. एकतर शांत आणि भानावर, नाहीतर नीट पूर्ण भूल. मधली अवस्था अगदी सरावलेल्या हातांतच ठीक, आणि तीही भूलतज्ज्ञ समोर असताना.

म्हणून वडिलांना ‘काही कळणार नाही’ असं खोटं सांगू नका. त्यांच्यापुढे पडदा असेल, रक्त किंवा आतलं काही दिसणार नाही, आवाज ऐकू येतील, दाब जाणवेल, काही मिनिटं श्वास अपुरा वाटेल आणि मग स्थिरावेल, त्यांच्याशी बोलायला कोणीतरी सतत जवळ असेल. एवढं आधी ऐकलेला माणूस टेबलवर फार वेगळा वागतो.

आता कोणासाठी हे टाळावं. ज्याला कुशीवर पाऊण तास पडून राहताच येत नाही. ज्याचा खोकला थांबत नाही किंवा कफ फार आहे. ऐकू न येणं किंवा स्मृतिभ्रंश यामुळे ज्याच्याशी संवाद साधता येत नाही. विश्रांतीतही ऑक्सिजन कमी असून त्याचं कारण छातीतलं पाणी नसेल तर. रक्त गोठण्यात दोष असेल तर. वजन खूप जास्त असेल किंवा श्वासनलिकेत नळी घालणं अवघड दिसत असेल, तर जागेपणीच्या कामाला निघण्याआधी मी दोनदा विचार करते, कारण मध्येच नळी घालायची वेळ आली तर तो माणूस कुशीवर असतो. आणि आवरण सगळीकडे चिकटलेलं असेल तर दुर्बिणीला जागाच मिळत नाही. ते आधी सोनोग्राफीत पाहता येतं: श्वासाबरोबर फुप्फुस भिंतीवर सरकताना दिसतं की नाही, पाण्यात जाळ्या आहेत की नाहीत. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये ‘सेप्टेशन’ असा शब्द आहे, म्हणजे याच जाळ्या, त्यावर डॉक्टरांशी जरूर बोला. थोड्या जाळ्या दुर्बिणीतून सोडवता येतात. फार घट्ट असतील तर पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया हाच बरा मार्ग असू शकतो, आणि तिथे तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर ठरेल.

घरी एक गोष्ट करून पाहा. दिवसा, कोणी जवळ असताना, वडिलांना डाव्या कुशीवर, उजवा हात डोक्याकडे घेऊन अर्धा तास पडायला सांगा. धाप वाढली तर लगेच बसवा. जमलं की नाही, किती वेळ जमलं, ते डॉक्टरांना सांगा. ही माहिती मला कित्येक रिपोर्टांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

काही जमलं नाही तर काय, हे विचारायला संकोचू नका. आमच्याकडे क्रम ठरलेला असतो. आधी काम थांबवायचं, छिद्रातून नळी घालून हवा बाहेर काढायची म्हणजे फुप्फुस पुन्हा फुलतं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर पूर्ण भूल. त्यासाठी नळ्या, औषधं, सक्शन सगळं आधीच मांडलेलं असतं. मध्येच पूर्ण भूल द्यावी लागली तर ते अपयश नसतं. ती द्यायची तयारीच नसताना सुरू केलेलं काम धोक्याचं असतं. तेव्हा डॉक्टरांना हे नक्की विचारा: हे कुठल्या खोलीत होणार? श्वासाकडे लक्ष ठेवणारी व्यक्ती दुर्बीण धरणाऱ्यापेक्षा वेगळी आहे ना? गरज पडली तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतील? या प्रश्नांची उत्तरं चटकन आणि स्पष्ट आली, तर त्या टीमवर भरवसा ठेवायला मला अडचण वाटणार नाही.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी चालू आहे. ही ओझरती बाब नव्हे. ही गोळी साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, पण ती स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका. स्टेंट कधी बसवला त्यावर ती थांबवता येते की नाही हे ठरतं, आणि ते हृदयाच्या डॉक्टरांनीच सांगायचं. दोन्ही डॉक्टरांची गाठ घालून द्या आणि तारीख त्यानंतर ठरवा. सीओपीडीचे पंप मात्र एकही दिवस चुकवू नका, त्या सकाळीही नाही.

काम झाल्यावर नळी राहते, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडलेलं असतं. खोकल्यावर सुरुवातीला बाटलीत बुडबुडे येतील. आत शिरलेली हवा निघत असते, घाबरू नका. बाटली छातीपेक्षा खालीच राहू द्या, आणि कोणी सांगितल्याशिवाय नळीला चिमटा लावू देऊ नका. दुखेल ते मुख्यतः नळीच्या जागी, खोल श्वास घेताना. वेदनाशामक मागून घ्या, कारण दुखतं म्हणून उथळ श्वास घेतला की कफ साठतो. आत पाहतानाच पाणी पुन्हा भरणारं आहे असं डॉक्टरांना वाटलं, तर ते त्याच वेळी टाल्कची पूड फवारून दोन्ही आवरणं चिकटवायचा प्रयत्न करतील. तसं झालं तर पहिल्या दिवशी ताप आणि बऱ्यापैकी दुखणं अपेक्षित आहे. त्याची परवानगी आधीच मागतील, तेव्हा टेबलवर जाण्यापूर्वीच वडिलांशी बोलून ठरवून ठेवा.

एबीजी, सोनोग्राफीचा तपशील आणि कुशीवर झोपून पाहिलेला अनुभव, हे तिन्ही हाताशी आल्यावर इथेच लिहा. त्यावरून भूल कोणती योग्य याबद्दल मला आत्तापेक्षा नेमकं बोलता येईल.